पूनम सागरमधला साबण

मीरा रोडला उतरून पूनम सागरला आमच्या वन्संकडे गेलात, तर फडताळात साबणाच्या वड्या वाळताना दिसतील! धाकटीचे हात थंडीत फुटतात, म्हणून हा खटाटोप.

१०० ग्रॅम खोबरेलाला १६ ग्रॅम कॉस्टिक सोडा नि ३५ ग्रॅम पाणी, सगळं काट्यावर तोलून. थोडं तेल मुद्दाम शिल्लक ठेवायचं, म्हणजे कातडी ओढत नाही. सोडा पाण्यात घालायचा. उलटं केलंत तर उसळून अंगावर येतं, बरं का! मुलं बाहेर, खिडकी उघडी, पातेलं स्टीलचं. अॅल्युमिनियम सोडा खातो.

‘सोड्याशिवायचा साबण’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. सोड्यासारख्या अल्कलीशिवाय साबण होतच नाही. तयार वडीत मात्र सोडा उरत नाही, ग्लिसरीन राहतं. कारखान्यात ते बहुधा काढून घेतात.

वड्या ४ ते ६ आठवडे वाळवायच्या. धाकटी रोज हुंगून विचारते, “झाल्या का गं?”