आठ बात्स ते आठ बात्स

तिला वर्ष ठाऊक नाही. पाऊस कधी आला, सूर्य उत्तरेला किती सरकला, चंद्र किती उरला, यातलं काही ती विचारत नाही. २६० दिवस भरले की तिचा फेरा पुरा होतो आणि मधे एका दिवसाचीही विश्रांती न घेता दुसरा सुरू होतो. ग्वातेमालाच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ मुलखातले किचे माया या दिनगणनेला चोल्कीह म्हणतात. अभ्यासकांच्या पुस्तकांत ती त्सोल्किन असते. कागदावर उतरवली की ती एक कोष्टक दिसते, पण माझ्या लेखी ती एक व्यक्तीच आहे: काटेकोर, हट्टी, कुणाच्याही हुकमाने न थांबणारी.

तिची चाल मराठी माणसाला चटकन कळावी. आपल्याकडे वार आणि तिथी आपापल्या गतीने जातात आणि त्यांची जोडी सतत बदलत राहते. तिच्याकडे एका अंगाला १ ते १३ हे आकडे आणि दुसऱ्या अंगाला वीस दिवसांची नावं, दोघंही रोज एकेक पाऊल पुढे. आज ८ बात्स असेल तर उद्या ९ ए, परवा १० आह. १३ अहमाक झाला की आकडा पुन्हा १ वर येतो, नावं मात्र पुढेच जातात आणि दिवस उजाडतो तो १ नोह. तीच जोडी पुन्हा जमायला बरोबर २६० दिवस लागतात. अधिक मास नाही, क्षयतिथी नाही, लीप वर्ष नाही. दुरुस्तीची तिला कधी गरजच पडली नाही.

तिचे वीस दिवस म्हणजे वीस धनी. किचे माणूस त्यांना स्वामी म्हणून आदराने हाक मारतो. केह हरणाचा, कान सापाचा, कामे मृत्यूचा, कात जाळ्याचा; तोह हा देणं फेडण्याचा दिवस. सोबतचा आकडा त्या धन्याचा जोर ठरवतो. लहान आकड्याचा दिवस सौम्य, मोठ्या आकड्याचा कडक, आणि मधले ७, ८, ९ समतोल. ज्या दिवशी मूल जन्मतं त्या दिवसाचा चेहरा त्याला आयुष्यभर लाभतो. ‘पोपोल वूह’ या किचे पुराणग्रंथातला नायक हुनाहपू याच्या नावातच १ अहपू हा दिवस आहे, आणि पाताळाचे दोन अधिपती आहेत १ कामे आणि ७ कामे.

तिचं वय कुणाला नीट सांगता येत नाही. ग्वातेमालाच्या उत्तर भागात, सान बार्तोलो इथल्या पिरॅमिडच्या पोटात रंगवलेल्या गिलाव्याचे तुकडे सापडले. त्यांतल्या एकावर ७ चा आकडा आणि त्याखाली हरणाचं डोकं आहे. इसवी सनापूर्वी ३०० ते २०० या काळातला हा तुकडा २०२२ मध्ये अभ्यासकांनी प्रसिद्ध केला. ७ हरीण म्हणजे आजचा ७ केह. सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी कुणा लेखकाने भिंतीवर लिहिलेला दिवस आजही दर २६० दिवसांनी उजाडतो. ती कुठून आली याचे तर्क पुष्कळ आहेत. कुणी गर्भारपणाचे दिवस दाखवतं, कुणी हातापायांची वीस बोटं. मला सूर्याचा तर्क फार ओढून घेतो. कोपान हे माया शहर साधारण १४.८ अंश उत्तरेला आहे, म्हणजे आपल्या काणकोण-कारवारच्या पट्ट्यात. तिथे एप्रिलच्या शेवटी आणि ऑगस्टच्या मध्याला शून्यछाया दिन येतात. ऑगस्टच्या त्या दिवसापासून पुढच्या एप्रिलच्या त्या दिवसापर्यंत सुमारे २६० दिवस भरतात. हा पुरावा नव्हे. पण ज्याने भर दुपारी स्वतःची सावली पायाखाली गेलेली पाहिली आहे, त्याला तो दिवस मोजावासा वाटणं मला अगदी स्वाभाविक वाटतं.

पोथीवर किंवा दगडावर ती कधीच अवलंबून राहिली नाही, आणि तेच तिच्या कामी आलं. माया राजांचे दीर्घगणनेतले, म्हणजे एका शून्य दिवसापासून सलग दिवस मोजणाऱ्या पद्धतीतले, कोरीव लेख इ. स. ९०९ मध्ये तोनिना इथे संपतात. १२ जुलै १५६२ रोजी युकातानमधल्या मानी गावात दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने माया पोथ्या जाळल्या. आज साऱ्या जगात अशा चार पोथ्या उरल्या आहेत. युकातानात हळूहळू तिची रोजची मोजणीही थांबली. डोंगरात मात्र ती माणसांच्या तोंडी राहिली. तिथे तिला सांभाळणाऱ्यांना अहकीह म्हणतात. त्यात पुरुष असतात, बायकाही असतात.

मोमोस्तेनांगो हे त्यांचं मोठं गाव. बार्बरा टेडलॉक आणि डेनिस टेडलॉक हे मानवशास्त्रज्ञ पती-पत्नी तिथे रीतसर शिकले आणि १९७६ मध्ये त्यांना दीक्षा मिळाली. बार्बरा यांच्या १९८२ च्या पुस्तकात या विद्येची रीत बारकाईने आली आहे. प्रश्न घेऊन माणूस येतो. अहकीह त्सिते झाडाच्या लाल बियांच्या ढिगातून मूठभर बिया उचलतो, चार-चारच्या पुंजक्यांत मांडतो आणि एकेका पुंजक्यावर एकेक दिवस म्हणत जातो. हा त्सिते आपल्या पांगाऱ्याच्या कुळातला. मोजता मोजता त्याच्या अंगात कुठेतरी वीज लवल्यासारखं स्फुरण होतं. ते दंडात झालं की पायात, डावीकडे की उजवीकडे, यावरून दिवस बोलतो. म्हणजे ती नुसती पाठ केलेली नसते, अंगात भिनलेली असते. अशा विद्येला आग लावता येत नाही, पण ती बाळगणाऱ्या माणसाला मारता येतं. ग्वातेमालातल्या १९६० ते १९९६ च्या यादवीत दोन लाखांहून अधिक माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली. १९९९ मधल्या सत्यशोधन आयोगाच्या अहवालानुसार ज्यांची पूर्ण ओळख पटली त्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. आणि जून २०२० मध्ये ग्वातेमालाच्या पेतेन प्रांतातल्या एका खेड्यात केक्ची मायांचे वनौषधीतज्ज्ञ आणि आध्यात्मिक मार्गदर्शक दोमिंगो चोक यांना चेटूक केल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आलं. मानीच्या आगीबद्दल बोलताना ही दुसरी आग विसरता येत नाही.

विद्वानांवर तिचे मोठे उपकार आहेत. कोरीव लेखांतला दिवस आपल्या कॅलेंडरवर नेमका कुठे येतो हा वाद वर्षानुवर्षं चालला. गुडमन, मार्तीनेस आणि थॉम्पसन यांच्या नावाने ओळखली जाणारी जुळणी आज बहुतेकांना मान्य आहे. या जुळणीच्या एका प्रकारात, म्हणजे दीर्घगणनेचा शून्य दिवस हा खगोलशास्त्रातल्या सलग मोजणीतला ५,८४,२८३ वा ज्युलियन दिवस धरला की, दगडावरची तारीख आणि डोंगरातल्या खेड्यात आज म्हटला जाणारा दिवस तंतोतंत जुळतात. २०१३ मध्ये तिकाल या माया शहरातल्या मंदिराच्या लाकडी तुळईच्या रेडिओकार्बन मापनानेही या जुळणीला दुजोरा दिला. निरक्षर म्हणून हिणवलेल्या माणसांनी एक दिवसही गाळला नव्हता.

म्हणूनच माया संस्कृतीवरच्या जाहीर व्याख्यानांत प्राचीन माया एका सत्रात आणि आधुनिक माया दुसऱ्या सत्रात अशी वाटणी दिसली की मला ती खटकते. हिला कोणत्या सत्रात बसवणार? लिंडा शील या चित्रकलेच्या शिक्षिकेने १९७७ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात माया लिपीच्या जाहीर कार्यशाळा सुरू केल्या आणि हौशी श्रोत्यांच्या हाती राजांच्या नोंदी दिल्या. पुढे माया लिपीचे अभ्यासक निकोलाय ग्रूबे यांच्याबरोबर शील ग्वातेमालात गेली आणि माया भाषा बोलणाऱ्यांनाच त्यांच्या पूर्वजांची लिपी शिकवू लागली. तिच्या साऱ्या कामात मला हे सर्वांत मोलाचं वाटतं. तिथे समोर बसलेल्यांना दिवसांची नावं वेगळी शिकवायला लागत नव्हती.

२०१२ च्या डिसेंबरात जगबुडीच्या बातम्यांनी वर्तमानपत्रं भरली, तेव्हा या श्रोत्यांपैकी कुणाला विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. जे संपत होतं ते दीर्घगणनेचं एक आवर्तन, आणि तेही पुढच्याला जागा देऊन. त्याच महिन्यात १२ तारखेला ८ बात्स होता, नव्या अहकीहांच्या दीक्षेचा दिवस. त्या दिवशी मोमोस्तेनांगोत वेदींवर कोपालचा धूप जळतो आणि शिकून तयार झालेली माणसं दिवसांपुढे उभी राहतात. जगबुडीच्या म्हणजे २१ तारखेला तिने ४ अहपू म्हटलं, २२ तारखेला ५ इमोश. पुढचा ८ बात्स २९ ऑगस्ट २०१३ ला आला.