कायमचा पत्ता

दिवाळी अंकात फराळ सोडून मास्तर फायलींवर लिहायला बसले, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे! फायली लावण्याचा नाद मला शाळेच्या कपाटाने लावला. त्या कपाटात ‘संकीर्ण’ नावाची एक फाइल असते. बाकीच्या सडपातळ, हिचेच पोट सुटलेले.

माझा भाचा यंत्रांच्या पोटातल्या चिमुकल्या संगणकांसाठी प्रोग्रॅम लिहितो. यंदाच्या पावसाळ्यात तो बहिणीसह लोणावळ्याला आमच्याकडे होता. दसऱ्यानंतर नोकरी बदलायची, मागे कोण येणार ते ठरलेले नाही. म्हणून एकाच फाइलीत वाढलेले काम मोडून नीट लावून ठेवण्याचा त्याने ध्यास घेतला होता.

‘‘मामा, यंत्र सुरू होतं तेव्हा त्याला पत्ताच नसतो,’’ तो म्हणाला.

ही गोष्ट मात्र मला फार आवडली. लोणावळ्याच्या धुक्यात परका पाहुणा उतरावा, समोर कोण उभे आहे ते दिसू नये आणि त्याने नुसतेच ओरडावे, ‘‘खोली आहे का हो?’’ तसेच हे. स्वतःचा पत्ता ०.०.०.०, आणि हाक साऱ्या गावाला, २५५.२५५.२५५.२५५ वर. कोणी म्हणतो, ‘‘ही घ्या.’’ पाहुणा म्हणतो, ‘‘हीच द्या.’’ मालक म्हणतो, ‘‘दिली.’’ या रीतीला डीएचसीपी म्हणतात. तिचे नियम १९९७ सालच्या आरएफसी २१३१ मध्ये आहेत. उत्तर न आले तर चार सेकंद थांबावे, मग आठ, मग सोळा, असे चौसष्टपर्यंत. आमच्याकडच्या बंगल्यांच्या एजंटांनी एवढा संयम शिकावा!

मिळालेली खोली मुदतीची असते. निम्मी मुदत सरली की त्याच मालकाकडे वाढ मागायची. आठातले सात भाग सरले की मिळेल त्या मालकाकडे.

भाच्याने निरोप लिहिण्या-वाचण्याची एक फाइल केली, पायऱ्यांची दुसरी, घड्याळाची तिसरी. प्रत्यक्ष यंत्राला हात लावणारा भाग चौथीत, कारण गिऱ्हाईक बदलले की यंत्र बदलते, नियम बदलत नाहीत. मला हे पटले. तरी स्वीडनच्या अॅडम डंकेल्स यांनी सुरू केलेल्या एलडब्ल्यूआयपीमध्ये हे काम मुख्यतः एकाच फाइलीत सुखाने नांदते, असेही त्यानेच सांगितले. फार तुकडे केले तरी माणूस हरवतोच.

पाचव्या फाइलीचे नाव होते ‘इतर’. मी हसलो. आमची ‘संकीर्ण’च ती!

‘‘यात काय आहे?’’

‘‘मुदत संपल्यावर करायचं ते. कुठं ठेवावं कळेना.’’

त्याच्या आजोबांचे घर पवना धरणाच्या पाण्याखाली गेले. त्याला शाळेत घालताना ‘कायमचा पत्ता’ या रकान्यापाशी माझी लेखणी थांबली होती, आणि बहिणीने शांतपणे त्या बुडालेल्या गावाचे नाव सांगितले होते. मी तेच लिहिले.

‘‘मुदत संपली नि कुणी ओ दिली नाही तर?’’ मी विचारले.

‘‘पत्ता तिथल्या तिथं सोडायचा. पुन्हा पहिल्यापासून हाक.’’

‘‘आणि जुना पत्ता?’’

‘‘हाकेतच मागून बघता येतो, मामा. मिळेलच असं नाही.’’

बहीण तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

भाच्याने तो भाग उचलून पायऱ्यांच्या फाइलीत नेला, पहिल्या हाकेच्या अगदी शेजारी. रिकामी ‘इतर’ पुसून टाकली आणि चहा मागितला.