तिसरा रूळ

आमच्याकडे खेळण्यातली आगगाडी म्हणजे काडेपेट्यांची. रिकाम्या पेट्या दोऱ्यात ओवायच्या, पुढच्या पेटीवर बाटलीचे झाकण धुराडे म्हणून डकवायचे आणि तोंडाने आवाज करीत ती घरभर ओढायची. तिला रूळ लागत नाहीत, वीज लागत नाही. एखादी पेटी चुरगळली तर गाडी एका डब्याने लहान होते, एवढेच. बाजारात सेलवर चालणारी प्लॅस्टिकची गाडी मिळते. पण दिव्यांच्या अवसेला घेतलेली गाडी नागपंचमी पाहील याची खात्री नसते. खेळणे हे मोडण्यासाठीच असते अशी माझी समजूत होती. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची, धातूची, धूर सोडणारी आणि शिट्टी वाजवणारी आगगाडी अजून धावू शकते, हे मला गेल्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ठाऊक नव्हते.

माझी आई ज्या घरी पोळ्या करायला जाते तिथले आजोबा इंजिनिअर. तीस वर्षे अमेरिकेत, ओहायओ राज्यात काढून ते आणि आजी परत आले. येताना ज्या वस्तू आणल्या त्यांत एक खोके होते, आणि खोक्यात लायोनेल कंपनीची विजेची गाडी. एका शेजाऱ्याने घर बदलताना विकायला काढली, ती आजोबांनी आपल्या मुलासाठी घेतली होती. मुलगा आता तिकडेच संसार करतो. त्याची दोन मुले नाताळच्या सुट्टीत तीन आठवड्यांसाठी यायची होती आणि त्यापूर्वी गाडी चालू झालीच पाहिजे असा आजोबांचा हट्ट होता. पण मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली, बारीक अक्षर दिसेना, बोटेही थरथरत. ते आईला म्हणाले, "तुमच्या मुलाला पाठवाल का सुट्टीत? त्याला विजेचं थोडंफार कळत असेल." माझा भाऊ दहावीत आहे. विजेविषयी त्याला इतकेच कळते की तिचे बिल आई भरते. आई म्हणाली, "मुलगी येईल. ती कॉलेजात आहे, इंग्रजी वाचते."

असे माझे इंग्रजी प्रथमच कोणाच्या तरी कामी आले. सक्तीच्या इंग्रजीच्या तासाला मी शेवटच्या बाकावर बसते, हे प्राध्यापकांना सांगायला नकोच. पण कवितेपेक्षा सूचनापुस्तिकेचे इंग्रजी फार सरळ असते. "हे करा", "हे करू नका", "एक थेंबच तेल घाला". अर्थ लागला की नाही ते लगेच समजते. नाही लागला तर गाडी हलत नाही.

पहिल्या दिवशी मी विचारले, "आजोबा, तीन रूळ का? खऱ्या गाडीला तर दोनच असतात." आजोबांची कळी खुलली. मधला रूळ वीज आणतो आणि बाहेरचे दोन तिला परत नेतात. इंजिनाच्या पोटाखाली लहान रोळ्या असतात, त्या मधल्या रुळावर घासत जातात. दोनच रूळ असते तर एकाने वीज यायची आणि दुसऱ्याने जायची. आणि वळसा घालून गाडी त्याच मार्गावर उलटी आणली की डावा रूळ उजव्याला भिडून शॉर्ट व्हायचा. तिसऱ्या रुळामुळे ही कटकट मिटते. मुलांनी मार्ग कसाही वळवावा, फाटे फोडावेत, बाहेरचे दोन्ही रूळ एकाच जातीचे असल्यामुळे बिघडत नाही. दिसायला ते खोटे दिसते. म्हणूनच गिल्बर्ट यांच्या 'अमेरिकन फ्लायर'ने १९४६ पासून दोन रुळांची गाडी आणली आणि तिकडच्या मुलांत दोन तट पडले. खरेपणा हवा असलेले एकीकडे आणि खेळ हवा असलेले दुसरीकडे. मी दुसऱ्या तटात आहे.

या कंपनीची सुरुवात मोठी मजेची. जोशुआ लायोनेल कोवेन या तरुणाने १९०० साली न्यूयॉर्कमध्ये ती काढली, आणि पुढच्याच वर्षी दुकानाच्या काचेमागे ठेवण्यासाठी विजेवर फिरणारी एक उघडी वाघीण बनवली. माल तिच्यात ठेवायचा, ती फिरत राहील, रस्त्यावरची माणसे थांबतील, असा हेतू. माणसे थांबली, पण त्यांना तो माल नको होता, वाघीणच हवी होती! तिथून पुढे नाताळच्या झाडाभोवती विजेची गाडी फिरवायची हा तिकडच्या घरांतला रिवाजच झाला. आपल्याकडे दिवाळीत मुले किल्ला करतात, त्यावर मावळे ठेवतात, हळिवाचे शेत उगवतात. तसेच ते. फरक एवढाच की किल्ला दरवर्षी पुन्हा मातीतून उभा करावा लागतो आणि गाडी माळ्यावरून खाली काढायची असते.

माळ्यावरून काढलेली गाडी मात्र लगेच विजेला जोडायची नसते. आधी दोरी पाहायची. ट्रान्सफॉर्मरच्या जुन्या तारेवरचे रबर कडक होऊन तडकते, आत तांबे उघडे पडते. आमची तशीच तडकलेली निघाली. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडून नवी बसवून घेतली. मग विजेचा प्रश्न. तिकडे १२० व्होल्ट आणि ६० सायकल, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० सायकल. थेट जोडली असती तर धूर धुराड्याऐवजी भलतीकडून निघाला असता. म्हणून आधी व्होल्टेज उतरवणारा एक ट्रान्सफॉर्मर, त्याच्यापुढे लायोनेलचा. सायकलच्या फरकाने इंजिनाच्या मोटारीचे काही अडत नाही, पण लायोनेलचा ट्रान्सफॉर्मर जरा जास्त तापतो. म्हणून अर्धा तास चालवली की त्याला विश्रांती द्यायची. रुळांपर्यंत पोचते ती वीज फार तर सोळा-अठरा व्होल्टची, मुलांनी हात लावला तरी चालेल अशी. भिंतीपाशी मात्र मोठ्या माणसानेच असावे.

रूळ गंजाने काळसर झाले होते. ते पाहून आई आतून भांड्याची तारेची घासणी घेऊन आली. "लख्ख निघतील," म्हणाली. आजोबा जवळजवळ ओरडलेच. या इंजिनाच्या चाकांत चुंबक असते, १९५० पासून कंपनीने ते घातले, म्हणजे चाके पोलादी रुळाला धरून राहावीत आणि चढावर घसरू नयेत. घासणीच्या तारेचे बारीक कण त्या चुंबकाला चिकटतात, तिथून मोटारीत शिरतात आणि घात करतात. तेव्हा मऊ फडके आणि मेडिकलच्या दुकानातले आयसोप्रोपिल अल्कोहोल. रूळ, चाके, पोटाखालच्या रोळ्या, आणि मोटारीतला तांब्याचा गोल भाग, ज्याच्यावर कार्बनचे ब्रश टेकतात, हे सगळे काळे निघेपर्यंत पुसायचे. शिवणयंत्राचे तेल आसांना एकेक थेंब. जास्त तेल घालणे हा नव्या माणसाचा आवडता उद्योग. ते रुळांवर येते आणि चाके फिरत बसतात.

अखेर आठ वाकडे आणि चार सरळ तुकडे जोडून लांबट वर्तुळ झाले. वाकड्या आठांचेच गोल केले तर व्यास सत्तावीस इंच, म्हणजे लहान घरातही मावणारे. शहाबादी फरशी यासाठी उत्तम. गालिच्याचे धागे चाकांत गुंततात. आजोबांनी दांडी पुढे सरकवली. इंजिन नुसते गुणगुणले. मला वाटले, संपले सगळे. पण पुस्तिकेत लिहिलेच होते. या इंजिनात एक खटका असतो, वीज तोडून पुन्हा दिली की तो एक घर पुढे सरकतो: पुढे, स्वस्थ, मागे, पुन्हा स्वस्थ. आमचे 'स्वस्थ' घरात होते. मी वाचले, "आजोबा, एकदा बंद करून परत द्या." त्यांनी दिली आणि ते इतक्या वर्षांचे धूड खडखडत निघाले. धुराड्यात औषधाच्या गोळीसारखी गोळी टाकली की पांढरा धूर येतो. शिट्टीची करामत तर ऐकण्यासारखी. कोळशाच्या डब्यात एक छोटी मोटार आणि पंखा असतो, हवा फुंकून शिट्टी वाजते. बटण दाबले की रुळातल्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेत थोडी एकदिशेची वीज मिसळते, आणि डब्यातला एक लहानसा खटका तेवढीच ओळखतो. त्याच रुळांतून चालण्याचा निरोप इंजिनाला आणि वाजण्याचा निरोप शिट्टीला जातो, कोणाचा कोणाला चुकत नाही.

इंजिनाच्या अंगावर २०३७ असा आकडा होता. त्याविषयी वाचताना मला एक गोष्ट सापडली आणि तिने माझी झोप थोडी उडवली. १९५७ साली कंपनीने खास मुलींसाठी गाडी काढली. इंजिन हेच, २०३७. मोटार तीच, चाके तीच. फक्त रंग गुलाबी! मागे जांभळट, फिकट पिवळे, आकाशी डबे. तोवर जाहिरातींत बाप आणि मुलगा रुळांशी वाकलेले असत. मुलींचा विचार कंपनीने अगदीच केला नव्हता असे नाही. १९३० साली तिने त्यांच्यासाठी खेळण्यातली विजेची शेगडी काढली होती, तिच्यावर खरोखर शिजवता येई. गुलाबी गाडी मात्र दुकानांत पडून राहिली. आज संग्राहक तिला मोठी किंमत देतात, ते निराळे. ती का खपली नाही हे समजायला फार विद्वत्ता नको. ज्या मुलीला आगगाडी हवी असते तिला आगगाडीच हवी असते, काळी, कोळशाची, स्टेशनात येते तशी. आणि मुळात गाडीचा रंग तिच्या आड येत नव्हता. आड येत होते ते दांडीपाशी बसलेले कोणीतरी.

याच कंपनीच्या इतिहासात उलटी गोष्टही आहे. नील यंग हा प्रसिद्ध गायक. त्याच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी, हातांनी दांडी सरकवणे शक्य नाही. बापाने मुलाला नुसते बघायला बसवले नाही. मुलाला जमेल असे मोठे बटण आणि दुरून चालवण्याची नवी रीत त्याने तयार करवून घेतली, आणि १९९५ साली तो कंपनीच्या मालकांपैकी एक झाला. आजच्या नव्या संचांत दूरनियंत्रक असतो, तो कोणाच्याही हाती देता येतो. तरी सुरुवात करणाऱ्याने जुनी, साधी गाडी घ्यावी असे आजोबांचे मत. महायुद्धानंतर त्या इतक्या बनल्या की साध्या इंजिनांचे सुटे भाग अजूनही मिळतात, आणि बिघडले तर उघडून पाहता येते. हे मलाही पटते.

डिसेंबरात मुले आली. नऊ वर्षांचा नातू सरळ ट्रान्सफॉर्मरपाशी जाऊन बसला, त्याला कोणी सांगावे लागले नाही. सहा वर्षांच्या नातीला त्याने वाघिणीत शेंगदाणे भरायचे काम दिले. तिने दहा मिनिटे भरले. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, तिच्या त्या तिकडच्या मराठीत, "ताई, मी कधी?" मी आजोबांकडे पाहिले. दुसऱ्याच्या घरात आपण किती बोलावे हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेले असते. तरी म्हटले, "आजोबा, प्रत्येकी तीन फेऱ्या करू या का?" ते म्हणाले, "करा की!" मुलगी आहे, जपून चालवील, असे सगळ्यांना वाटले असावे. तिने दांडी थेट शेवटाला नेली. पहिल्याच वळणावर ते धूड चुंबकासकट रूळ सोडून दिवाणाखाली गेले आणि शेंगदाणे खोलीभर झाले. तिच्या इतके त्या दिवशी कोणी हसले नाही.

तिसरी पाळी कोणाची यावर मुलांत वाद चालला असताना आजी म्हणाल्या, "माझी." सगळे गप्प. आजोबा म्हणाले, "अगं, तुला हौस होती तर बोलली नाहीस कधी!" आजी म्हणाल्या, "चार घरं बदलली तिकडे. दर वेळी हे खोकं मीच बांधलं. तुम्ही विचारलंत कधी?" खोक्यावर मराठीत 'आगगाडी, जपून' असे लिहिलेले होते, ते अक्षर कोणाचे ते मला तेव्हा कळले. आजींनी तीन फेऱ्या अगदी सावकाश केल्या. पुलाखालून जाताना, म्हणजे दोन पाटांच्या मधून, आठवणीने शिट्टी दिली. आई दाराशी उभी होती, हात पिठाचे. आजी म्हणाल्या, "या, तुम्ही वाजवा." आईने हात पदराला पुसला आणि एका बोटाने बटण दाबले. पुष्कळ वेळ दाबून धरले. नातू कानांवर हात ठेवून ओरडू लागला तेव्हा सोडले.

मुले जानेवारीत परत गेली. गाडी आवरताना मी चाके पुसली, ट्रान्सफॉर्मरची तार गुंडाळली, इंजिन जुन्या वर्तमानपत्रात बांधले. खोके मात्र आजींनी माळ्यावर जाऊ दिले नाही. ते दिवाणाखाली असते. आई सांगते, पोळ्या झाल्या की आठवड्यातून एखाद दिवशी त्या तिला हाक मारतात. रूळ जोडायला दोघींना आता दहा मिनिटेही लागत नाहीत. परवा आई मला विचारीत होती की तो मार्ग बदलायचा सांधा कितीला मिळतो, आणि तो मागवायचा झाला तर इंग्रजीत काय लिहायचे.