मृगाआधीची बाग

स्मरणिकेसाठी लिहावयास बसलो तेव्हा वर्गखोल्यांच्या आधी डोळ्यांपुढे उभी राहिली ती वसतिगृहामागची बाग. आणि तीही मे महिन्यातली.

मे लागला की वसतिगृह रिकामे होई. मागे उरत आम्ही चार-पाच जण, ज्यांचे आईवडील दूरच्या वीटभट्ट्यांवर असत. पाऊस येईपर्यंत भट्टी चाले, तोवर गृहपाल सरांच्या कृपेने आम्ही तिथेच राहत असू. त्या दिवसांत विहीर तळाला गेलेली असे. माळीबाबा आमच्या आंघोळीचे पाणी चर खणून मोगऱ्याकडे वळवीत. बाकीची झाडे माना टाकीत, मोगरा मात्र जितका तापे तितका फुले. दिवेलागणीला कळ्या उमलू लागल्या की जेवणाच्या पंगतीपर्यंत वास येई.

रोहिणी नक्षत्र लागले, म्हणजे 25 मेच्या सुमारास, की भेगाळलेल्या मातीतून फुटबॉल लिलीचा दांडा वर येई. एरवी तिथे कंद आहे याचा कुणाला पत्ताही नसे. (नाव परके असले तरी रूप अगदी आपल्या तांबड्या गोंड्याचे.) आठवडाभर तो गोंडा राही, मग वर्षभर दिसत नसे. आम्ही त्याच्याभोवती उकिडवे बसून राहत असू. याहून मोठी करमणूक आम्हांला ठाऊक नव्हती.

तरी खरे सांगावयाचे तर, ही फुले संपावीत असेच मला वाटे. पावसाने मोगरा तपकिरी पडे, माळीबाबा हळहळत. आणि दोन-तीन दिवसांत आई फाटकाशी उभी दिसे. मी आठवीत होतो त्या वर्षी पाऊस मृगाची वाट न पाहता मेअखेरीसच कोसळला. मी व्हरांड्यात अक्षरशः नाचलो. आई आली ती गप्पच होती. भिजण्यापूर्वी खुडून ठेवलेल्या ओंजळभर कळ्या मी तिला दिल्या. तिने त्या हुंगल्या आणि पदराच्या टोकाला बांधल्या, एवढेच.

त्या पावसात तिने थापलेल्या कच्च्या विटा विरघळून पुन्हा माती झाल्या होत्या. माती झालेल्या विटांची मजुरी मिळत नसे आणि घेतलेली उचल मात्र तशीच अंगावर राही. हे मला कळले ते नोकरीला लागल्यावर, तेही तिने दुसऱ्याच कुणाशी बोलताना.

आता आई माझ्याजवळ असते. गॅलरीत मोगऱ्याच्या दोन कुंड्या आहेत. यंदा मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारीच आभाळ भरून आले तशी ती झोपेतून उठली आणि उमलायच्या बेतात असलेल्या कळ्या भराभर वाटीत खुडू लागली. "भिजायच्या आत काढून घ्याव्यात रे," म्हणाली. मीही दुसऱ्या कुंडीपाशी बसलो.

पाऊस त्या दिवशी आलाच नाही. रात्री वाटी तिच्या उशाशी होती.