घडी मोडताना

नवे वस्त्र प्रथमच अंगावर घालण्याला आपण मराठीत 'घडी मोडणे' म्हणतो. आमच्या लहानपणी वसईकडील आमच्या गावात एखादीने नवे लुगडे आणले, तर ते ती आधी जावेला किंवा शेजारणीला नेसावयास देई. "घडी तू मोड," असे म्हणण्यात मोठा स्नेह असे. हा शब्दप्रयोग आम्ही जन्मभर वापरीत आलो. घडी मोडली नाही तर पुढे काय होते, हे मात्र २०२५ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, आईच्या लोखंडी ट्रंकेपुढे बसून आम्हांस कळले.

आमची आई घरी शिवणकाम करी. हाताने फिरवावयाचे, कुणीतरी वापरून विकलेले सिंगर यंत्र होते. यंत्रयुगाविषयी साशंक असणाऱ्या गांधीजींनी १९२४ सालच्या एका संभाषणात याच यंत्राला अपवाद ठरविले होते. पत्नीचे कष्ट न पाहवून सिंगरने ते निर्माण केले, अशी त्यांची समजूत होती. इतिहास थोडा निराळा आहे. इलायस हाऊ यांचे पेटंट १८४६ चे आणि सिंगरचे १८५१ चे. शिवाय सिंगर महाशयांनी एका वेळी एकाहून अधिक संसार थाटले होते. विवाहपूर्व मार्गदर्शनाच्या वर्गात त्यांचे उदाहरण आम्ही देत नाही! पण शिवणयंत्र घरातील बाईचे कष्ट हलके करते, हा गांधीजींचा निष्कर्ष आईला पुरेपूर पटला असता.

त्या यंत्राखाली नवे कापड क्वचितच जाई. गावात बोहारीण येत असे. इतर घरे जुने कपडे देऊन तिच्याकडून भांडी घेत. आमची आई तिला पैसे देऊन तिच्या गाठोड्यातील कपडे घेई. हा उलटा व्यवहार पाहून ती बोहारीणही प्रथम चकित झाली असावी. पुढे मात्र चांगले ते वेगळे काढून ती थेट आमच्या ओटीवर येऊ लागली. आईची पारख पाहण्यासारखी असे. शिवणीच्या आतून एक दोरा ओढून ती त्याला काडी लावी. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम किंवा लोकर, कागद जळल्यासारखा आला तर सुती, आणि वितळून टणक मणी झाला तर टेरिलीन. सदऱ्याची कॉलर आणि काखा आधी जातात, पाठ शेवटपर्यंत टिकते. विजारीची बैठक झिजते, पण पोटऱ्यांकडील कापड जवळजवळ नवे असते. म्हणून मोठ्यांच्या पाठींतून आम्हा भावंडांचे सदरे निघत आणि विजारींच्या पायांतून चड्ड्या.

आम्ही चौथीत असताना तिने आमच्यासाठी एक सदरा शिवला. निळ्या फुलाफुलांचे, जाड विणीचे, सुंदर कापड होते. तो घालून आम्ही शाळेत गेलो आणि मधल्या सुट्टीत वर्गातील एका मुलाने सर्वांसमक्ष आम्हांस सांगितले, "हा आमच्या खिडकीचा पडदा आहे." तो खोटे बोलत नव्हता. त्या दिवशी घरी येऊन आम्ही सदरा अंगातून काढला, जमिनीवर फेकला आणि आईला जे बोललो ते येथे लिहवत नाही. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सदरा दिसला नाही आणि आम्हीही विचारले नाही. पुढे अनेक वर्षे आम्ही इतरांची पापकबुली ऐकली. ही आमची कबुली, ज्या व्यक्तीजवळ करावयास हवी होती तिच्याजवळ कधी झाली नाही.

आई २०१६ साली देवाघरी गेली. तिच्या ट्रंकेत तिची लग्नाची साडी होती. १९६६ सालची, पांढऱ्या रेशमाची, जरीच्या काठांची. ती तिने लग्नानंतर बहुधा नेसलीच नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या उतरलेल्या कपड्यांवर कात्री चालविणाऱ्या या बाईने ही एकच वस्तू कात्रीपासून दूर ठेवली होती. वर्षभराने आमची भाची, म्हणजे थोरल्या बहिणीची मुलगी, आमच्याकडे आली. आजीचा शिवणाचा हात तिच्याकडे आलेला आहे. तिच्या तान्ह्या मुलीच्या बाप्तिस्म्यासाठी त्या साडीच्या पदरातून झगा शिवावा, असे तिच्या मनात होते. घरात दोन मते पडली. धर्मगुरू म्हणून निवाडा आमच्याकडे आला आणि आम्ही तो तत्काळ दिला: आईची आठवण आहे, तिला कात्री लागता कामा नये. भाची गप्प बसली. आम्ही स्वतः ती साडी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, चार डांबरगोळ्या टाकल्या, तोंड दोरीने घट्ट बांधले आणि एक पुण्यकर्म केल्याच्या समाधानाने ट्रंकेचे झाकण लावले.

तीच तान्ही २०२५ साली प्रथम ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या वयाची झाली. भाचीने पुन्हा विचारले. या वेळी तिच्या आवाजात आशा नव्हती, केवळ रीत होती. आम्ही म्हणालो, "निदान बाहेर काढून पाहू." पिशवी सोडली तेव्हा कोंदट वास आला. काठांची जरी काळवंडली होती. भाचीने दोन्ही हातांवर साडी घेऊन पहिली घडी उलगडली, आणि वाळलेले केळीचे पान फाटावे तसा आवाज झाला. घडीच्या रेषेवर रेशीम आरपार तुटले होते. दुसरी घडी उलगडली, तेथेही तेच. कसर लागली नव्हती, उंदीर शिरला नव्हता. एकोणसाठ वर्षे त्याच रेषांवर मुडपून राहिल्यामुळे धागे तेथेच मोडले होते, आणि आमच्या प्लॅस्टिकने आतला ओलावा आत कोंडून उरलेले काम पूर्ण केले होते.

ज्या घरांत आजीच्या किंवा आईच्या अशा साड्या असतील, त्या भगिनींसाठी येथे थांबून सांगतो. रेशीम प्लॅस्टिकमध्ये ठेवू नये. जुन्या, धुतलेल्या मलमलीत गुंडाळावे. डांबरगोळी कापडाला, विशेषतः जरीला, टेकू देऊ नये. खऱ्या जरीत चांदी असते, ती काळी पडते. दर तीन-चार महिन्यांनी साडी उघडून सावलीत वारा द्यावा आणि पुन्हा ठेवताना जुन्या रेषा टाळून घडी घालावी. आणि आमचे ऐकाल तर वर्षातून एखाद्या सणाला ती नेसावी.

त्या दुपारी आम्ही काय बोललो ते आठवत नाही. भाचीने मात्र एक शब्दही दोष दिला नाही. ती जमिनीवर बसून मोजू लागली होती. साडीची लांबी साडेपाच मीटर, तिच्या आठ घड्या. पन्हा सुमारे पंचेचाळीस इंच, त्याच्या चार. म्हणजे तुटलेल्या रेषांच्या मधोमध प्रत्येकी सुमारे अकरा इंच रुंद आणि सत्तावीस इंच लांब असे बत्तीस चौकोन. तिने एकेक चौकोन खिडकीच्या उजेडात धरला, दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणून पाहिला. बत्तीसांपैकी एकोणीस धड निघाले. "फादर मामा," ती म्हणाली, "सत्तावीस इंच म्हणजे बरोबर तिच्या कमरेपासून पोटरीपर्यंत. आजीने जणू माप घेऊनच घडी घातली होती."

पुढचे तीन रविवार आम्ही दुपारी बहिणीकडे जात होतो. आधी स्वस्त मांजरपाटाचा एक कच्चा झगा बेतून मुलीच्या अंगावर बसवून पाहिला, कारण रेशीम दुसऱ्यांदा कापता येणार नव्हते. मग आठ चौकोनांच्या आठ कळ्या. वरच्या भागाला चार, बाह्यांना दोन. प्रत्येक तुकड्याच्या मागे मलमल लावून कडेने धावदोरा घातला, म्हणजे पुढे ओढ बसेल ती मलमलीला बसेल, रेशमाला नव्हे. यंत्राला नऊ नंबरची बारीक सुई लावली आणि टीप नेहमीपेक्षा लांब ठेवली. जुन्या रेशमात बारीक टीप घातली तर भोके जवळजवळ पडतात आणि टपालाच्या तिकिटासारखे ते त्याच रेषेवर फाटते. सेमिनरीत आम्ही बटण लावण्यापलीकडे सुईचे काही शिकलो नव्हतो. पहिल्या रविवारी आमच्याकडे धावदोरे उसवण्याचे काम होते; तिसऱ्या रविवारी बढती होऊन घेराची तुरपाई मिळाली. त्यातील साधारण अर्धी भाचीने रात्री उसवून पुन्हा घातली असावी, कारण पुढे ती फारच सुबक दिसली.

एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मंगळदास मार्केटमधून आणलेली कोरी मलमल भाचीने शिवण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवली. आम्ही कारण विचारले. ती म्हणाली, "आटायचे ते आधीच आटू दे. शिवल्यावर आटली तर जुन्या रेशमाला ओढून फाडील." आम्ही सुई खाली ठेवली. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावू नये, हा दृष्टान्त मार्कच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात आहे. त्यावर आम्ही किती प्रवचने केली असतील! जुना करार, नवा करार, अंतःकरणाचे परिवर्तन, सर्व काही सांगितले. पण कोरे कापड ठिगळ म्हणून का चालत नाही, हे आम्हांस त्या दिवशी समजले. नाझरेथच्या त्या घरात पवित्र मरियेने ठिगळे लावली असणार आणि बाळ येशूने ती पाहिली असणार, हा विचारही तेव्हाच प्रथम मनात आला.

समारंभाचा केकही आजीच्याच वहीतून करावयाचा, असे बहिणीने ठरविले. आईची वही म्हणजे तिच्या आईकडून उतरवून घेतलेले पाठ. तीत रव्याचा केक होता: सहा अंडी, अर्धा शेर रवा, अर्धा शेर साखर, पावशेर लोणी, एका नारळाचे दूध. खाण्याचा सोडा किंवा बेकिंग पावडर नाही. फुगायचे ते फेटलेल्या अंड्यांच्या बळावर. भाचीने हिशेब केला, शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, म्हणून रवा ४६७. रात्रभर नारळाच्या दुधात भिजवून सकाळी ओव्हनमध्ये ठेवला. जे बाहेर आले ते बांधकामास उपयोगी पडले असते. यावर मात्र आम्हांस काही सांगता आले. तो ९३३ ग्रॅमचा शेर ऐंशी तोळ्यांचा, सरकारी. मुंबईचा जुना शेर अठ्ठावीस तोळ्यांचा, म्हणजे सुमारे सव्वातीनशे ग्रॅमचाच होता. वहीतील अर्धा शेर याचा अर्थ १६३ ग्रॅम. अंडीही त्या वेळची गावठी, लहान. आजची बाजारातील चार पुरेत. दुसऱ्या खेपेस केक उतरला. तो ओव्हनमध्ये नव्हे, तर बहिणीच्या हट्टाखातर आईच्या जाड टोपात, खाली थोडे आणि झाकणावर अधिक निखारे ठेवून. वरून तांबूस, कडेला किंचित करपलेला, धुराचा वास असलेला. बहिणीने पहिला तुकडा तोंडात घातला आणि ती उठून आत गेली.

प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी मुले रांगेने वेदीकडे आली. आम्ही पाहुणे धर्मगुरू म्हणून सहपुरोहित होतो. इतर मुलींचे झगे शुभ्र होते. आमच्या नातीचा किंचित पिवळसर, मलईच्या रंगाचा. आठ कळ्यांच्या आठ शिवणी उजेडात दिसत होत्या. शेजारच्या मुलीने तिला काहीतरी विचारले. तिने काय उत्तर दिले ते आम्हांस ऐकू आले नाही, पण उत्तर देताना तिने घेर दोन्ही हातांनी पसरून दाखविला. आम्हांस चौथीतील ती मधली सुट्टी आठवली. जेवणाच्या वेळी तिने पुढच्या कळीवर सरबत सांडले. भाची हसली आणि ओला रुमाल घेऊन आली.

दुसऱ्या आठवड्यात ट्रंकेला ऊन द्यावे म्हणून ती पूर्ण रिकामी केली. तळाशी कागदाखाली उशीचा एक अभ्रा निघाला. निळ्या फुलाफुलांचा, जाड विणीचा. आईने सदऱ्याची बटणपट्टी उसवली नव्हती. तिच्यावरच अभ्र्याचे तोंड बंद होत होते. पाच काजे, चार बटणे. बहिणीला तो कशाचा आहे हे ठाऊक नव्हते. आम्ही तो मागून घेतला. सध्या तो धर्मगुरुनिवासातील आमच्या उशीला आहे. पाचवे बटण आम्ही लावले.