महिदपूर, सहा फूट बाय चार फूट

२१ डिसेंबर १८१७ची महिदपूरची लढाई टेबलावर खेळायची म्हटलं की नवखा माणूस आधी शिपाई रंगवायला बसतो. मी आधी क्षिप्रा करतो. होळकरांच्या तोफा नदीपलीकडे मांडलेल्या, दरबारात फाटाफूट, लढाईच्या तोंडावर कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंचा खून झालेला. हिस्लॉप आणि माल्कम या इंग्रज सेनानींची फौज उतारावरून नदीत शिरली, उंच दरडीच्या आडोशाला जमली आणि तिथून थेट तोफांवर चालून गेली. त्यांची मेलेली-जखमी माणसं पावणेआठशेच्या वर गेली. टेबलावर दरड नसेल तर इंग्रजांना दम घ्यायला जागा नाही आणि होळकरांच्या तोफांना अडचण नाही. मग ती महिदपूरची लढाई राहत नाही.

अडचण मापाची. शिपाई २८ मिलिमीटरचा घेतला तर एक किलोमीटर रान मांडायला जवळजवळ अठरा मीटर लांबीचं टेबल लागेल. तेव्हा माणसाचं माप वेगळं आणि जमिनीचं वेगळं. दोन मोडकी घरं ठेवली की ते अख्खं गाव समजायचं. दिवाळीच्या किल्ल्यावर दरवाजापेक्षा उंच मावळा उभा करणाऱ्या मराठी पोराला हे समजवावं लागत नाही. एच. जी. वेल्सनं १९१३ साली खेळातल्या लढायांवर ‘लिटल वॉर्स’ लिहिलं, तेव्हा त्याच्या मांडणीतही लाकडी ठोकळे होतेच.

आता दरड. इंचभर जाडीचा थर्माकोल गरम तारेनं कापावा, काठ हातानं मोडून खडबडीत करावा. वरचा पृष्ठभाग मात्र सपाटच हवा; खराखुरा उतार केलात तर शिपाई गडगडतात. म्हणून टेकडीही पायऱ्यापायऱ्यांची. चिकटवायला फेविकॉल. उग्र वासाचं रबरी सोल्युशन किंवा स्प्रे पेंट थर्माकोल खाऊन टाकतं. वरून फेविकॉलमध्ये कालवलेली चाळलेली वाळू आणि लाकडाचा भुसा. माळव्याची काळी माती वापरायचा मोह सगळ्यांना होतो, पण नुसती लावली तर ती वाळताना शेतातल्यासारखीच भेगाळते. रंग तिचा घ्यावा, माती घेऊ नये. पाण्यासाठी गढूळ हिरवट रंगावर व्हार्निशचे दोन-तीन हात. झाडं विजेच्या वायरीतल्या तांब्याच्या तारा पिळून आणि घोसाळ्याची वाळलेली जाळी कुसकरून होतात. ती जुन्या नाण्यांवर चिकटवावीत, म्हणजे पलटण रानात शिरली की बाजूला सरकवता येतात.

पाकिटातलं तयार परदेशी गवत मला पसंत नाही. ते इंग्लंडच्या कुरणाचं आहे. डिसेंबरात माळव्यातलं रानगवत पिवळं पडलेलं असतं. काथ्या बारीक कातरून टाकला तर तो रंग फुकटात मिळतो. आणि सगळं टेबल झाडाझुडपांनी भरू नये. जिथं हात घालून शिपाई हलवता येत नाही, तो गणपतीपुढचा देखावा झाला.

महिदपूरच्या लढाईनंतर सोळाव्या दिवशी, ६ जानेवारी १८१८ला, मंदसौरचा तह झाला आणि पुढे होळकरांची राजधानी इंदुरात आली. तरी आमच्या शहरात पानिपत मांडणारे भेटतात, महिदपूर मांडणारे विरळाच. दिवाळीच्या सुट्टीत उज्जैनवरून पुढे महिदपूरला जा, क्षिप्रेची दरड डोळ्यांनी बघा, आणि मगच थर्माकोल कापायला घ्या.