डेडस्टॉक

आमच्या पेडणे तालुक्यातल्या गावात शाळेला स्वतःची इमारत नव्हती. देवळाच्या सभामंडपात चार वर्ग भरायचे, एका खांबाकडे पहिली, दुसऱ्याकडे दुसरी. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, दोन वर्षांनी भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आलं आणि गावोगाव मराठी शाळा निघाल्या. इमारती मागाहून आल्या. आमच्या शाळेची सगळी मालमत्ता म्हणजे दोन फळे, एक टेबल, एक घंटा आणि हिरव्या रंगाची पत्र्याची पेटी. पेटीत गोष्टींची पुस्तकं आहेत असं थोरली मुलं सांगायची. पेटीला कुलूप होतं आणि किल्ली मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशात.

नवरात्रात शाळेत सरस्वतीपूजन व्हायचं. तेवढ्यासाठी पेटी उघडायची. पुस्तकं काढून तसबिरीपुढे रचायची, त्यांच्यावर झेंडू, हळद-पिंजर वाहायची. पूजेला लावलेलं पुस्तक त्या दिवशी वाचायचं नसतं आणि दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली की पुस्तकं पुन्हा पेटीत. चार वर्षांत मी त्या पेटीतल्या प्रत्येक पुस्तकाला नमस्कार केला. एकही वाचलं नाही.

वाचन मला मिळालं ते शेजारच्या आजीच्या ओसरीवर. तिला दिसत नसे. श्रावणात ती मला नवनाथांची पोथी वाचायला बसवायची. मी मराठीत ओव्या वाचायच्या आणि तिने त्या आमच्या कोकणीत जमलेल्या बायकांना उलगडून सांगायच्या, मध्येच एखाद्या नाथाला दोन शब्द सुनवायचे. शिवाय मामा तेरेखोल नदी ओलांडून शिरोड्याच्या बाजाराला जाई आणि येताना ‘चांदोबा’ आणी. त्याच शिरोड्यात १९२० पासून १९३८ पर्यंत वि. स. खांडेकर मास्तर होते, हे मला कळलं कितीतरी नंतर. मला तेव्हा शिरोडे म्हणजे विक्रम-वेताळ.

शिक्षिकेच्या प्रशिक्षणाला गेले तेव्हा शिवोलीची फेरीबोट पकडून अधूनमधून पणजीला जायची. मध्यवर्ती ग्रंथालय त्या वेळी मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत होतं, त्या निळ्या चित्रांच्या फरशांच्या दालनापाशी. १८३२ साली पोर्तुगीजांनी सुरू केलेलं हे ग्रंथालय. आज ते पाटोला नव्या इमारतीत आहे, कृष्णदास शामाच्या नावाने, आणि मुलांसाठी तिथे वेगळा विभाग आहे. मी मात्र त्या जुन्या जागेत पहिल्यांदा पाहिलं की लहान पोर पुस्तक उचलतं, चाळतं, आवडलं नाही म्हणून परत ठेवतं, आणि कोणी ओरडत नाही. परत ठेवण्याची ती मुभा मला फार मोठी वाटली.

नोकरी लागली डिचोली तालुक्यात, खाणपट्ट्यात. शाळेसमोरून खनिजाचे ट्रक जायचे. सकाळी पुसलेलं टेबल मधल्या सुटीपर्यंत तांबडं व्हायचं. नव्या बाईंना, म्हणजे मला, चार्ज देताना जुन्या बाईंनी पहिल्यांदा दाखवली ती पेटी. तीच. म्हणजे दुसरी, पण तीच. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेतून शाळांना पुस्तकं मिळू लागली होती, ती सगळी तिच्यात होती, कोरी करकरीत. ‘एक जरी हरवलं तर पगारातून जातं हां,’ बाई म्हणाल्या. त्यांचे एकदा गेले होते. मग त्यांनी रजिस्टर उघडलं. पुस्तकांची नोंद घंटा, खुर्च्या आणि पाण्याच्या पिंपाच्या खाली होती. रजिस्टरवर लिहिलं होतं, डेडस्टॉक.

सरकारी हिशेबाला दुसरा शब्द सुचला नसेल, पण इतका नेमका शब्द सहसा सापडत नाही. माझ्या गावचे मास्तर दुष्ट नव्हते हे मला त्या दिवशी कळलं. ते फक्त पगारदार होते. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच नियम पुस्तकं वापरासाठी असतात असा आहे. एवढी साधी गोष्ट नियम म्हणून लिहावी लागली, कारण एके काळी युरोपात पुस्तकं साखळीने बांधून ठेवत. आमच्याकडे साखळीची गरज नव्हती. रजिस्टर पुरत होतं.

मीसुद्धा दोन वर्षं ती पेटी उघडली नाही. हे सांगायला हवं.

उघडली ती बुरशीने. चतुर्थीची सुटी संपवून आलो तर पेटीला वास मारत होता. पाऊस ओसरल्यावर अंगणात चटया पसरल्या आणि पुस्तकं ऊन दाखवायला मांडली. शेळ्या येतील म्हणून चौथीची चार मुलं राखणीला बसवली. तासाभराने पाहिलं तर चारांची अकरा झाली होती, आणि एक शेळी खुशाल कुंपणातला पाला खात होती. तिच्याकडे लक्ष द्यायला कोणाला सवड नव्हती. एक पोरगा पालथा पडून वाचत होता. दुसरीतली दोघं फक्त चित्रं पाहून भांडत होती, अस्वल खरं की माणूस आत शिरलाय यावर. मी हाका मारल्या नाहीत. संध्याकाळी मुलंच म्हणाली, ‘बाई, अजून ओलसर आहेत.’ पुस्तकं चांगली खडखडीत वाळली होती. आम्ही त्यांना आणखी आठवडाभर ऊन दाखवलं.

पुढे जे केलं ते या आठवड्याचंच लांबवलेलं रूप. वर्गात सुंभाची दोरी बांधून चिमट्यांनी पुस्तकं टांगली, कव्हर समोर दिसेल अशी. देवघेवीची वही चौथीच्या मुलांकडे दिली; माझ्यापेक्षा ती कडक निघाली, एकदा माझंच नाव थकबाकीत लिहिलं. जेवणाच्या सुटीनंतर मी मोठ्याने वाचायची, आजीच्या रीतीने, वाक्य मराठीत आणि त्यावरची बडबड कोकणीत. मी पेडण्याहून आलेली असल्याने मुलांना दशावतार करायला लावला. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आमच्याकडे संकासुराशी लढला. त्या बिचाऱ्याला फुरसुंगीत असताना कल्पनाही नसेल.

एक खोड मात्र मला जडली होती, सगळ्या मास्तरणींना असते. गोष्ट संपली की विचारायचं, यातून काय बोध घेतला? एकदा तिसरीतल्या मुलाने प्रामाणिकपणे सांगितलं, ‘बाई, बोद कळूंक ना, पूण वाग बरो आशिल्लो.’ तेव्हापासून मी तो प्रश्न सोडला. आजही वाचन प्रेरणेच्या कार्यक्रमांत घोषणा, निबंध आणि प्रमाणपत्रं पाहिली की मला तो वाघ आठवतो. पणजीत २००५ साली सुरू झालेल्या ‘बुकवर्म’ची माणसं शाळांमध्ये ग्रंथालयाचा तास घेतात, त्यांची पद्धत मला पटते. पुस्तक मुलांसमोर धरतात, वाचतात, आणि मग मुलांना बोलू देतात.

शेवटच्या वर्षांत वर्ग बदलला. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, धूळ बसली. पट रोडावला आणि जी मुलं आली त्यांतली बरीच बाहेरून कामाला आलेल्यांची. कन्नड बोलणारी एक मुलगी महिनाभर तोंड उघडेना. तिने दोरीवरून शब्द नसलेलं चित्रांचं पुस्तक काढलं आणि पहिलीच्या मुलांना कन्नडमध्ये वाचून दाखवलं. त्यांना एक अक्षर कळलं नाही. त्यांनी तिला दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असलंच पाहिजे असं म्हटलंय, गोष्टींच्या पुस्तकांसकट. अनुदानही येतं. पैशांचं रडगाणं मी गाणार नाही. पण पुस्तक फाटेल, त्यावर माध्यान्ह आहारातल्या पावभाजीची बोटं उमटतील, एखादं कोणाच्या घरी राहून जाईल, हे लिहायला रजिस्टरात रकाना हवा. मी तो पट्टीने आखून घेतला: ‘वाचून फाटलं’. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यावर बराच वेळ बोट ठेवलं, मग सही केली.

निवृत्तीच्या दिवशी नव्या बाईंना चार्ज दिला. पुस्तकं मोजली, फाटलेली वेगळी दाखवली, मुलांनी आज्यांकडून ऐकून लिहिलेल्या आणि सुईदोऱ्याने शिवलेल्या काण्यांच्या, म्हणजे गोष्टींच्या, वह्याही नोंदीत होत्या. त्यांच्या किमतीच्या रकान्यात मी काहीच लिहिलं नव्हतं. सगळा हिशेब जुळला. फक्त एक नग कमी भरला: पेटीचं कुलूप, किल्लीसह. ते केव्हा आणि कुठे गेलं, मला खरंच आठवेना. नियमाप्रमाणे त्याचे पैसे मी भरले.